पाण्यात उभे राहिलेल्यांविषयी

काटेपूर्णा नदीची छावणी, अकोल्याच्या पूर्वेस
रविवार, १२ मार्च १८६५

हसाजीदादा,

अक्षर ओळखलं असेल. पत्र फाडण्याआधी एवढं वाचा की यात काही मागितलेलं नाही. एक प्रश्न आहे, तो आपल्या शास्त्रातला आहे, आणि तो विचारावा असं तुमच्याशिवाय दुसरं माणूस मला माहीत नाही.

मी आगगाडीच्या पुलावर मिस्तरी आहे. काटेपूर्णेत दगडी खांब उठवायचे आहेत, पावसाआधी निम्मे तरी. छावणीत दीडशे माणूस असेल. त्यात शमाची प्रार्थना म्हणणारा मी एकटा. इथल्या लोकांना इस्राएल म्हणजे काय ते ठाऊक नाही. कुणी मुसलमान समजतात, कुणी फिरंगी. साहेबाला एकदा सांगितलं की आमचे पूर्वज जहाज फुटून कोकणच्या किनाऱ्याला लागले. तो हसला आणि म्हणाला, मग पुलाच्या कामाला लायक आहेस.

रविवारी काम बंद असतं. शनिवारी नसतं. हे तुमच्यापासून लपवणार होतो, पण लिहून गेलो, आता राहू दे. नागावात आपल्याला शनिवारतेली म्हणायचे, घाणा शनिवारी बंद म्हणून. मला इथं तसं कुणी म्हणणार नाही.

घाटावर कापसाच्या बंड्यांची रांग दिवसभर हलत असते. अमेरिकेत लढाई जुंपली आणि इथल्या बैलांच्या शिंगांना चांदी चढली. बाभळीच्या काट्यांना कापूस लटकलेला असतो, कुणी वेचतही नाही.

आता प्रश्न. यहोशवाच्या वेळेस आपले लोक यार्देन नदी ओलांडून आले, ती गोष्ट बाबा सांगायचे. कोहेन याजक कराराची पेटी खांद्यावर घेऊन नदीच्या मधोमध उभे राहिले, पाणी थांबलं आणि सगळे पार झाले, इथवर मला आठवतं. पण इथं एकानं मला विचारलं की ते मध्ये उभे राहिलेले किती वेळ उभे होते, त्यांचे पाय दुखले असतील का, आणि शेवटी त्यांना बाहेर कुणी बोलावलं. मला सांगता आलं नाही. माझ्याजवळ पुस्तक नाही. तुमच्याकडे छापील मराठी आहे आणि मूळ इब्रीही तुम्हांला वाचता येतं. तेवढा भाग उतरवून पाठवाल का?

घरची मंडळी अमरावतीला असतात. सगळी ठीक आहेत. वहिनींना शालोम.

एलोजी


काटेपूर्णा
रविवार, ३० एप्रिल १८६५

हसाजीदादा,

तुमचा लखोटा पोहोचला. चार पानं, दोन्ही बाजूंनी, शाई कुठं पसरलेली नाही. वर माझं नाव नाही, खाली तुमचं नाही, पण अक्षर बाबांचंच वळण घेतलेलं. मी ती पानं पुलाच्या दगडावर बसून वाचली, मग बद्रुद्दीनला वाचून दाखवली. हा अकोल्याचा पाथरवट, दगडाला हात लावून सांगतो कुठून फुटेल ते. माझ्याशी रोज दोन शब्द जास्त बोलणारा इथं तो एकच आहे.

तो म्हणाला, "मूसा नबीचा दर्या मले मालूम हाय, मिस्तरी. हे नदीचं पहिल्या बार ऐकून राहिलो. एक डाव दर्या फाडून देल्ला अल्लानं, मंग नदीले पुन्हा कावून?"

मी तुमच्या पानांच्या शेवटची ओळ वाचून दाखवली, तुम्ही स्वतःची म्हणून लिहिलेली: समुद्र ओलांडला तेव्हा मागे फारोचे रथ होते. नदी ओलांडली तेव्हा मागे कुणी नव्हतं. बद्रुद्दीननं छिन्नी खाली ठेवली. मग म्हणाला, "तुमचा भाऊ शाना हाय." मी म्हटलं, हो, आहे.

मला माहीत नव्हतं की पाणी आधी थांबलं नाही. मला वाटायचं नदी कोरडी झाली आणि मग ते उतरले. तुम्ही उतरवलेल्या पानांत उलटं आहे. कोहेनांचे पाय पाण्यात बुडाले आणि मग वर, दूर, आदाम गावाजवळ पाण्याची रास झाली. म्हणजे पाऊल टाकताना त्यांना समोर वाहती नदीच दिसत होती. आणि पुन्हा ते सगळ्यांच्या शेवटी बाहेर आले. हे मी विचारणाऱ्याला सांगितलं आहे. त्याचं समाधान झालं नाही. पाय दुखले का, हे शास्त्रात नाही.

दुसरं एक विचारतो. रऊबेन, गाद आणि मनश्शेचा अर्धा वंश, यांना नदीच्या अलीकडेच जमीन मिळाली होती. ते भावांबरोबर नदी ओलांडून गेले, लढले आणि परत येऊन अलीकडेच राहिले, असं बाबा सांगायचे. पुढे त्यांच्या मुलांचं काय झालं? पलीकडच्यांनी त्यांना आपलं म्हटलं का?

याचं उत्तर सावकाश द्या. पण द्या.

एलोजी


अमरावती
रविवार, ९ जुलै १८६५

हसाजीदादा,

दोन महिने झाले. टपाल हरवलं असेल असं स्वतःला सांगून पाहिलं. पण तुम्ही मुद्दामच लिहिलेलं नाही. मी काय विचारत होतो ते तुम्हांला कळलं, म्हणून लिहिलं नाही. तर आता आडून विचारत नाही.

पहिल्या पत्रात लिहिलं होतं की घरची मंडळी ठीक आहेत. ते खोटं होतं. माझी बायको सत्यवती जाऊन दोन वर्षं झाली. पटकी आली होती, एका गल्लीत अकरा माणसं गेली. मी तेव्हा नदीवर होतो, निरोप पोहोचला तोवर सगळं उरकलं होतं. तिच्या माणसांनी तिला जाळलं. मी असतो तरी काय केलं असतं ठाऊक नाही. तिच्यासाठी मेल्यामागची कद्दिश म्हणायला दहा पुरुष लागतात, इथं मी एक, आणि तुम्ही म्हणाल तिच्यासाठी ते लागूच नाही.

आणि पाय दुखले का, हा प्रश्न विचारणारं माणूस सात वर्षांचं आहे. तिचं नाव मिलका, आपल्या आईचं. तिची आजी पार्वताबाई तिला मालू म्हणते. सत्यवतीची आई ती. अंबादेवीच्या देवळामागे दोन खोल्यांत दोघी राहतात आणि मी महिन्यातून एकदा येतो. आज आलो आहे. मुलगी समोर बसून माझं लिहिणं बघते आहे.

सात वर्षांपूर्वी मी सत्यवतीला घेऊन नागावला आलो, तेव्हा हीच तिच्या पोटात होती. त्या दिवसाबद्दल मी तुमच्याशी कधी बोललो नाही. तुम्ही तिला हाकललं नाहीत, हे मला मान्य आहे. ओटीवर बसवलंत. वहिनींनी पाणी आणलं आणि तिच्या ओंजळीत वरून ओतलं. तुम्ही मला बाजूला घेऊन म्हणालात, "तुझी मुलं काळी इस्राएल ठरतील. त्यांच्याशी कुणी सोयरीक करणार नाही, त्यांच्या ताटात कुणी जेवणार नाही. हा नियम मी केलेला नाही." मी म्हणालो, मग मीही या घरात जेवत नाही. तुम्ही गप्प राहिलात. एक शब्द बोलला असतात, नुसतं 'थांब' म्हणाला असतात, तरी मी थांबलो असतो.

परतीच्या मचव्यात मी रडत होतो. तीच मला म्हणाली, "तुमच्या भावाले मी दोस देत नाई. मले पानी तं देल्लं ना त्यायनं. आमच्या घरी तुमाले कोनतं पाटावर बसवलं होतं? माह्या मायनंबी तुमचं ताट येगळंच ठेवलं."

खरं होतं ते. पार्वताबाईनं माझं ताट आजही वेगळं ठेवलं आहे. मात्र ते ती रोज स्वतः घासते.

आता अडचण सांगतो. सत्यवतीचा चुलत भाऊ खुशालराव चांदूरकडे शेती करतो. कापसावर त्याचं बरं झालं आहे, माणूस वाईट नाही. तो मिलकेला आपल्या घरी न्यायला तयार आहे. तुळशीचं लग्न झाल्यावर नेईन, चांगलं स्थळ बघून उजवीन, म्हणतो. अट एकच. तिथं ती त्याची पुतणी, बाप मेलेला. मी तिला भेटायला जायचं नाही. म्हणाला, "मिस्तरी, तुमी भले मानूस. पन लोक पुसतीन ना, हे कोनाची? तुमचं नाव कोन्त्या जातीत लिवू मी?"

पार्वताबाई म्हातारी झाली. डोळ्यांना कमी दिसतं. मी पुलामागून पूल फिरणार. मुलीला घर पाहिजे.

म्हणून आता मागतो, पहिल्या पत्रात मागणार नाही म्हणालो होतो तरी. तिला नागावला ठेवून घ्याल का? तिला शमा येतो. मी शिकवला. उच्चार वऱ्हाडी आहेत, पण येतो.

एलोजी


काटेपूर्णा
रविवार, ८ ऑक्टोबर १८६५

हसाजीदादा,

मी जिवंत आहे, मुलगीही आहे. हे आधी लिहितो.

दारफाळणीचा सण यंदा शनिवारी आला. तुम्ही सगळे दारं लावून, उपास धरून, पापांची क्षमा मागत दिवसभर देवापुढे बसला असाल. तो दिवस मला एकट्यानं काढायचा नव्हता. मुलीबरोबर बसावं, तिला थोडं काही सांगावं, म्हणून मी पार्वताबाईला निरोप धाडला आणि दोघी बंडीनं छावणीवर आल्या. मी बोलावलं म्हणून आल्या. साहेबाकडे रजा मागितली. तो म्हणाला, पुढच्या सणाला घे.

नदीच्या मुख्य धारेला लागून एक जुना नाला आहे, एरवी कोरडा. नदी आणि नाला यांच्या मधल्या उंचवट्यावर गड्यांच्या झोपड्या होत्या. तिथं कामाला जवळ पडतं, म्हणून त्या झोपड्या तिथं बांधायला मी सांगितलं होतं. मी. साहेबानं नव्हे.

शुक्रवारी दक्षिणेच्या डोंगरात पाऊस झाला असणार. आमच्याकडे थेंब नाही. शनिवारी सूर्य वर आला तेव्हा नदी तांबडी होऊन दोन्ही काठ भरून चालली होती, आणि नाल्यातही पाणी शिरलं होतं. झोपड्यांचं बेट झालं. बेटावर चाळीस-पंचेचाळीस माणूस, बहुतेक बाया आणि पोरं. त्यांत पार्वताबाई आणि मिलका. त्या दोघी वच्छलेच्या झोपडीत उतरल्या होत्या. वच्छला चुन्याची घमेली वाहायची, भगवंत नावाच्या गड्याची बायको. तिनं आदल्या संध्याकाळी मिलकेचे केस विंचरून दिले होते.

बद्रुद्दीन पोहून बेटावर गेला, दोर तिथल्या चुन्याच्या घाणीच्या खांबाला बांधला आणि लोकांना पाठवायला तिथंच थांबला. अलीकडचं टोक बाभळीला. आम्ही तेरा जण नाल्यात उतरून दोराच्या खालच्या अंगाला ओळीनं उभे राहिलो, म्हणजे लोकांनी वरच्या अंगानं दोर धरून यावं आणि धारेनं त्यांना आमच्याकडे लोटावं. मध्ये सगळ्यांत खोल. तिथं मी. छातीपर्यंत पाणी, पायाखाली चिखल.

दादा, पाय टाकताना मला तुझी चार पानं आठवली. पाय बुडाले की पाणी थांबेल, असं मनात आलं. हसू नकोस. मी उपाशी होतो आणि तो दिवस तो होता.

पाणी थांबलं नाही. वाढलं.

लोक यायला लागले. एकेक माणूस माझ्या छातीला घासून जायचं. मी कुणाचा चेहरा बघितला नाही, फक्त हात बघत होतो, दोरावर नीट आहेत की नाहीत. निम्मे झाले तेव्हा पलीकडून आरडाओरडा झाला. घाणीचा खांब कलायला लागला होता. त्यानंतर दोर खांबानं धरलेला नव्हता, आम्ही धरलेला होता.

मग बद्रुद्दीन मिलकेला खांद्यावर घेऊन आला. तिच्या मागे पार्वताबाई. सगळ्यात मागे वच्छला. तिनं म्हातारीला पुढे घातलं होतं. मिलका मला बघून "बाबा" म्हणाली आणि हात पुढे केला. मी हात दिला नाही. दोन्ही हात दोरावर होते. ती माझ्यापासून एका हातावर होती आणि मी म्हणालो, "पुढं बघ."

ती पुढे सरकली. तेवढ्यात वच्छलेचा पाय गेला. ती दोराखालून आली, माझ्या उजव्या अंगाला. तिनं माझा सदरा धरला. मुठीत धरला, मला ती ओढ जाणवली. एक हात सोडून मी तिला धरू शकलो असतो. पण एक हात सोडला असता तर दोर सुटला असता, आणि दोरावर बद्रुद्दीन होता, त्याच्या खांद्यावर माझी मुलगी.

सदरा फाटला.

ती ओरडलीही नाही. ती गेल्यावर खालच्या वळणावर तिचा हात एकदा वर दिसला, की ते लाकूड होतं, मला सांगता येत नाही. तिसऱ्या दिवशी दोन कोसांवर ती सापडली.

लोक सगळे पार झाले असं साहेबानं कागदावर लिहिलं आणि खाली एक बाई बुडाली असं लिहिलं. मला शाबासकी दिली. भगवंत बाभळीखाली बसला होता. मी त्याच्याकडे गेलो. तो माझ्याकडे न बघता म्हणाला, "मिस्तरी, तुमी हात सोडला असता तं चार जीव गेले असते. मले समजते. पन थोडे दिवस माह्यासमोर येऊ नका."

मी त्याला सांगितलं की झोपड्या मी तिथं बांधवल्या. तो म्हणाला, "तेबी मले ठाऊक हाय."

दादा, यहोशवाच्या लोकांत कुणी बुडालं होतं का? शास्त्रात नाही म्हणून विचारतो. एवढे हजारो लोक, म्हाताऱ्या, पोरं, गुरं, आणि एकाचाही पाय गेला नाही? पाणी थांबलं ते त्यांच्यासाठी का थांबलं, आणि आमच्यासाठी का नाही? आमची वच्छला इस्राएल नव्हती म्हणून? मी शनिवारी काम करतो म्हणून? की त्या गोष्टीचा अर्थच काही वेगळा आहे आणि मला तो कळत नाही? दिवसभर खांबाच्या कामावर उभा असतो आणि हेच डोक्यात फिरतं. इथं कुणाशी बोलायचं? बद्रुद्दीनला विचारलं, तर तो म्हणतो, अल्लाची मर्जी. त्याला तेवढ्यानं झोप लागते. मला लागत नाही.

मिलका माझ्याशी नीट बोलत नाही. हात का दिला नाही, असं तिनं आजीला विचारलं. आजीनं सांगितलं. तिला ते कळलं की नाही, माहीत नाही. ती अमरावतीला परत गेली.

पत्र पुन्हा वाचलं तेव्हा दिसलं, मी मध्येच तुम्हांला तू लिहिलं आहे, लहानपणी लिहायचो तसं. खोडत नाही.

एलोजी


अमरावती
रविवार, २६ नोव्हेंबर १८६५

हसाजीदादा,

तुझं पत्र आलं. सात वर्षांत पहिल्यांदा वर 'एलोजी' असं लिहिलं आहेस. त्यासाठी ते पत्र मी जन्मभर ठेवीन. आता त्यातल्या मजकुराला नकार देतो.

तू लिहितोस की मुलीला घेऊन ये, वहिनी तिला सांभाळील. पण गावात आणि आपल्या इस्राएलांच्या मशिदीत सांगायचं की ही आपल्याच एका दूरच्या बाईची मुलगी, आईबाप पटकीनं गेले. तिनंही तेच सांगायचं. मग तिला कुणी काळी म्हणणार नाही, गोऱ्या घरात लग्न होईल. तुला यात काय पडलं असेल ते मला कळतं. तू जन्मात खोटं बोलला नाहीस आणि माझ्या मुलीसाठी बोलायला तयार झालास.

पण बघ काय होतं आहे. खुशालराव म्हणतो बाप मेला म्हण. तू म्हणतोस आई दुसरीच होती म्हण. दोघंही चांगली माणसं, दोघांनाही तिचं भलं पाहिजे, आणि दोघांकडे जायचं तर तिनं एकेकाला पुसून जायचं. मला पुसायला माझी हरकत नव्हती. खरं सांगतो, मी खुशालरावला जवळजवळ हो म्हणालो होतो. पण सत्यवतीला पुसायचं माझ्यानं होणार नाही. ती पटकीत एकटी गेली. तिच्या मुलीच्या तोंडून तिचं नाव काढून घेतलं तर ती पुन्हा जाईल.

खुशालराव परवा इथं येऊन गेला. अमेरिकेतली लढाई संपली, कापसाचा भाव बसला, त्याचा चेहरा उतरलेला होता. तरी शब्द फिरवायला आला नव्हता, मुलीला न्यायलाच आला होता. मी नाही म्हणालो. तो म्हणाला, "मंग पोट्टीले कोन करन, मिस्तरी? इकडची नाई, तिकडची नाई."

मी म्हटलं, "मले माहीत नाई."

इतक्या वर्षांत मी त्याच्याशी पहिल्यांदा त्याच्या बोलीत बोललो. तो उठला. मग पार्वताबाईच्या पाया पडून गेला.

मी पुलाची नोकरी सोडली. पुढचे पूल नागपूरकडे आहेत, माझी माणसं तिकडे गेली, भगवंतही गेला. जाताना तो माझ्या झोपडीशी घटकाभर थांबला. इथं अमरावतीत घरं बांधायची कामं मिळतात. शनिवारी कामाला जात नाही. कुणी कारण विचारलं नाही.

नागावच्या दाराचा राग माझ्या मनात राहिलेला नाही. पण आम्ही त्या दारानं खोटं नाव सांगून येणार नाही. हे तुला शेवटचं लिहितो आहे असं वाटलं, तर तसं समज.

एलोजी


अमरावती
रविवार, २१ जानेवारी १८६६

दादा,

तू लिहिलेलं दहा वेळा वाचलं. सगळ्याला उत्तर देता येणार नाही.

वच्छलेविषयी मी जे विचारलं होतं त्यावर तू लिहितोस की शास्त्रात एक शब्द आहे, तुझ्याही नजरेतून तो आजवर निसटला होता. पाणी थांबलेलं असतानाही लोक घाईनं पार झाले. चमत्कारावर भरवसा असता तर कुणी धावलं नसतं, सगळे भीत होते, आणि मध्ये उभे राहिलेले तर सर्वांत जास्त भीत असतील, कारण त्यांना धावता येत नव्हतं. कुणी बुडालं का, हे तुला माहीत नाही. तू लिहितोस, 'मला माहीत नाही'. माझ्या आठवणीत हे शब्द तू कधी उच्चारले नाहीस. पाणी का थांबतं हे आपल्याला कळणार नाही, उभं राहायचं एवढंच आपल्याकडे दिलेलं आहे, असं तुला वाटतं. मला ते पुरतं की नाही, अजून ठरत नाही. पण ते वाचून मी झोपलो.

आणि अर्ध्या वंशाच्या मुलांविषयी तू आता लिहिलंस. पलीकडच्यांनी आपल्याला परकं म्हणू नये, म्हणून त्यांनी नदीकाठी वेदी बांधली. पलीकडच्यांना ते बंड वाटलं, ते लढायला निघाले आणि मग आधी विचारून बघू, म्हणून माणसं पाठवली. तू लिहितोस, 'मी सात वर्षांत माणूस पाठवलं नाही. आता स्वतः येतो. सत्यवतीच्या मुलीला बघायला येतो.'

सत्यवतीचं नाव, तुझ्या अक्षरात. पार्वताबाईला वाचता येत नाही, तरी मी ते तिला बोट ठेवून दाखवलं.

तर ये. नागावहून मचव्यानं मुंबई, तिथून आगगाडी. थळघाटात खिडकीबाहेर वाकू नकोस. आगगाडी आता वऱ्हाडात येते, शेवटच्या ठाण्यावर उतर. त्या ठाण्याचं नाव दर थोड्या महिन्यांनी बदलतं, म्हणून लिहीत नाही, गार्डाला विचार. तिथं बद्रुद्दीनचा भाऊ वाहेद बंडी घेऊन उभा असेल. काळी दाढी, डाव्या पायानं जरा लंगडतो. तो तुला अकोला, मूर्तिजापूर असं करत इथं आणील. थंडी आहे, घोंगडी आण.

जेवणाचं तुझं तू ठरव. पार्वताबाई रांधील, ज्वारीची भाकरी आणि वांग्याची भाजी. चालणार नसेल तर तांदूळ आणि भांडं बरोबर आण, चूल तुला वेगळी करून देऊ. कुणी वाईट वाटून घेणार नाही. तुझं ताट ती वेगळं ठेवील. तूही वाईट वाटून घेऊ नकोस.

तू किती दिवस राहशील, पुढे काय होईल, मुलीचं कुठं जमेल, हे काही मी विचारत नाही. वहिनीला काय वाटलं, तेही विचारत नाही.

मिलकेला सांगितलं आहे की मोठे बाबा येणार. तिला आपली माणसं म्हणजे आजी आणि मी, एवढीच माहीत. ती उंबऱ्याशी जाऊन बसली आणि मग येऊन म्हणाली, "ते माह्यासंग बोलतीन का?"

मी हो म्हणालो. तेवढं खरं कर.

एलोजी